शस्त्रक्रियेतील वेदना आणि कमरेतील भूल

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



भगवान महावीरांच्या साधनाकाळातील एक प्रसंग पर्युषणातील व्याख्यानांतून आपण सर्वांनी ऐकलेला आहे. छम्माणि गावाबाहेर प्रभू ध्यानस्थ उभे असता एका गुराख्याने क्रोधाच्या भरात त्यांच्या दोन्ही कानांत शलाका ठोकल्या. पुढे प्रभू मध्यम पावा येथे सिद्धार्थ नावाच्या वणिकाच्या घरी भिक्षेसाठी गेले. तेथे त्याचा मित्र खरक वैद्य बसला होता. प्रभूंच्या मुखावरील छटा पाहून देहात कोठेतरी शल्य आहे हे त्या वैद्याने ओळखले. प्रभू परत गेले तेव्हा हे दोघे मित्र औषधे घेऊन त्यांच्यामागे उद्यानात पोहोचले. देहास तेलाचे मर्दन केले, सांडशीने दोन्ही शलाका ओढून काढल्या आणि जखमेवर औषध लावले. शलाका बाहेर येताना मात्र प्रभूंच्या मुखातून मोठी किंकाळी निघाली, असे श्वेतांबर परंपरेतील ग्रंथ सांगतात.

ही कथा सांगताना बहुतेक वक्ते गुराख्याच्या क्रौर्यावर आणि प्रभूंच्या क्षमाभावावर थांबतात व ते योग्यच आहे. तथापि कथेतील त्या दोन मित्रांकडे आपले फारसे लक्ष जात नाही. त्यांत एक वैद्य होता आणि एक व्यापारी होता, ही गोष्ट आपल्या समाजाने तरी विसरू नये. वैद्याकडे विद्या होती. व्यापाऱ्याने साहित्य, माणसे आणि वेळ दिला. परंपरेने गुराख्याला नरकगती सांगितली आणि या दोघांना देवगती. प्रभूंनी उपचार मागितला नव्हता. परंतु ज्यांनी तो केला त्यांच्या हातून प्रभूंच्या तपात विघ्न आले, असे कोणत्याही आचार्यांनी म्हटलेले नाही.

आजच्या विषयाशी या कथेचा संबंध असा की, शल्य काढण्याची विद्या मानवाला हजारो वर्षे अवगत होती. परंतु ते काढताना होणारी वेदना थांबवण्याची विद्या अवघी पावणेदोनशे वर्षांची आहे. सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी रुग्णाला मद्य पाजावे, म्हणजे शस्त्राची धार त्याला जाणवणार नाही, असा निर्देश आढळतो. युरोपातही मद्य आणि अफू हाच आधार होता. बाकी काम चार बलदंड माणसे रुग्णाचे हातपाय धरून करीत. त्या काळातील शल्यविशारदाची थोरवी त्याच्या वेगावरून ठरत असे. पाय कापण्यास किती मिनिटे लागली याची चर्चा होई.

हे चित्र १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बदलले. अमेरिकेतील बोस्टन शहरात मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगवली आणि जॉन वॉरन या ज्येष्ठ शल्यविशारदाने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. रुग्ण ओरडला नाही. ही वार्ता जहाजांनी जगभर गेली आणि १८४७ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात ईथरचा वापर झालासुद्धा. तार आणि आगगाडी या देशात येण्याआधी भूल आली, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

परंतु खरा वाद उद्भवला तो प्रसूतीच्या बाबतीत. एडिंबरोचे डॉ. जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रथम ईथर आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात क्लोरोफॉर्म वापरून प्रसूतीच्या वेदना शमविल्या. त्याबरोबर आक्षेप निघाला की, बायबलमध्ये स्त्रीला वेदनेतच अपत्य होईल असे सांगितले असता माणसाने त्यात हस्तक्षेप का करावा ? सिम्प्सन यांनी बायबलमधूनच उत्तर दिले. आदमची बरगडी काढताना ईश्वराने त्याला आधी गाढ निद्रा दिली, असे त्याच ग्रंथात आहे, याकडे त्यांनी बोट दाखवले. ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने राजपुत्र लिओपोल्डच्या जन्मसमयी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा वादाची धार पुष्कळ बोथट झाली. पुढच्याच वर्षी लंडनमधील कॉलऱ्याच्या साथीचे मूळ एका पंपाच्या पाण्यात शोधणारे डॉ. स्नो ते हेच.

आपल्याकडे असा आक्षेप कोणी उघडपणे घेत नाही. परंतु घराघरांत तो निराळ्या शब्दांत ऐकू येतो. ‘आमच्या वेळी नव्हती बाई ही थेरं’ हे वाक्य त्याचेच रूप होय. कोणी याला कर्मसिद्धांताचा आधारही देतात. असाता वेदनीय कर्माचा उदय झाला आहे, तो भोगूनच संपवावा, असे म्हणतात. येथे थोडे थांबून विचार करणे अवश्य आहे. बावीस परीषहांत रोगपरीषह आहे हे खरे. परंतु परीषह साधक स्वतः स्वीकारतो. स्वतःची वेदना समभावाने सहन करणे हे तप आहे. दुसऱ्याची वेदना आपण समभावाने पाहत बसणे हे तप नव्हे. प्रसूतीच्या खाटेवर पडलेल्या सुनेने कोणतेही पच्चक्खाण घेतलेले नसते. आणि ज्या कल्पसूत्राचे वाचन आपण दरवर्षी भक्तिभावाने ऐकतो त्यातच असे आहे की, आपल्या हालचालीने मातेला पीडा होऊ नये म्हणून प्रभू गर्भावस्थेत निश्चल राहिले होते. त्रिशलामातेला त्यामुळे उलट चिंता वाटली म्हणून ते पुन्हा हलले. मातेच्या वेदनेचा एवढा विचार ज्या परंपरेत आहे, तिच्यात भूल घेणे न घेणे हा धर्माचा प्रश्न होऊ शकत नाही. तो वैद्यकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तरही वैद्यकातच शोधले पाहिजे.

वैद्यकात हा मार्ग सोपा नव्हता. क्लोरोफॉर्म हुंगून माणूस झोपे, क्वचित कायमचाच झोपे. २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याचे नख काढण्यासाठी क्लोरोफॉर्म दिला असता दगावली. असे मृत्यू हृदय थांबल्याने होतात की श्वास थांबल्याने, हा वाद चाळीस वर्षे चालला. तो सोडविण्यासाठी १८८८ आणि १८८९ मध्ये हैदराबादला निजामाच्या खर्चाने दोन आयोग नेमले गेले. हे काम भारतात झाले याचा अभिमान वाटतो. परंतु त्यासाठी शेकडो कुत्रे व अन्य प्राणी मारले गेले हे जैन सभेत न सांगता पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आणि इतके करून श्वासच आधी थांबतो हा आयोगाचा निष्कर्ष पुढे अपुरा ठरला. क्लोरोफॉर्म हृदयही एकाएकी बंद पाडू शकतो हे नंतर सिद्ध झाले. याच हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी महिला भूल देण्याचे काम करू लागल्या. जगातील आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते.

संपूर्ण माणसाला झोपविण्याऐवजी, जेथे शस्त्र चालणार तेवढाच भाग बधिर करता आला तर ? या विचाराला १८८४ मध्ये वाट सापडली. व्हिएन्ना येथील तरुण डॉक्टर कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले तर डोळा बधिर होतो हे दाखवून दिले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचे डॉ. लेनर्ड कॉर्निंग यांनी मणक्यांच्या मधल्या जागी कोकेन टोचून पाहिले. १८९१ मध्ये जर्मनीतील कील येथे प्रा. हाइनरिश क्विंके यांनी कमरेच्या मणक्यांतून सुई घालून कण्यातील द्रव सुरक्षितपणे काढण्याची पद्धत सांगितली. द्रव जेथून बाहेर काढता येतो तेथूनच औषध आतही घालता येईल, हे त्याच कील नगरीतील शल्यविशारद ऑगस्ट बिअर यांनी ओळखले.

१६ ऑगस्ट १८९८ रोजी बिअर यांनी एका ३४ वर्षांच्या मजुराच्या कण्यात कोकेन टोचले. त्याच्या घोट्याचा सांधा क्षयाने सडला होता आणि पूर्वी दिलेल्या पूर्ण भुलीचा त्याला फार त्रास झाला होता. या वेळी शस्त्रक्रिया वेदनेविना पार पडली. परंतु नंतर त्याला उलट्या झाल्या आणि डोके दुखले. आणखी काही रुग्णांतही तसेच घडले. हे त्रास औषधाने होतात की सुईने, हे कळावे म्हणून २४ ऑगस्ट रोजी बिअर यांनी स्वतःच्याच कमरेत सुई टोचून घेण्याचे ठरविले. त्यांचे सहायक डॉ. हिल्डेब्रांट यांनी सुई बरोबर नेऊन ठेवली. परंतु पिचकारीचे तोंड सुईला बसेना! त्या धांदलीत कोकेन सांडले आणि कण्यातील द्रवही बराच वाहून गेला. प्रयोग फसला. तेव्हा हिल्डेब्रांट स्वतः तयार झाले. त्यांच्यावर प्रयोग सफल झाला. बिअर यांनी त्यांच्या मांडीत सुई टोचली, त्वचेवर पेटती सिगार टेकविली, नडगीवर लोखंडी हातोडा मारला. हिल्डेब्रांट यांना काहीच जाणवले नाही. पाऊण तासाने संवेदना परतली. दोघांनी मद्यपान व धूम्रपान करून हे यश साजरे केले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याची किंमत चुकवली. बिअर नऊ दिवस आडवे पडून होते. उठून बसले की डोके फुटायची वेळ येई, निजले की थांबे. हिल्डेब्रांट यांचे डोके तर दुखलेच, शिवाय हातोडा मारलेल्या नडग्याही सुजून दुखू लागल्या. १८९९ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला; लेखक म्हणून नाव मात्र एकट्या बिअर यांचे होते. हिल्डेब्रांट पुढे त्यांचे कडवे टीकाकार झाले, याचे नवल वाटू नये.

बिअर यांनी आपल्या डोकेदुखीचे अनुमान अचूक केले होते : सुईच्या छिद्रातून द्रव झिरपत राहिल्याने ती होते. ते छिद्र लहान कसे करावे यावर पुढील शंभर वर्षे काम झाले. १९०० मध्ये बाझेल येथील ऑस्कर क्राइस यांनी प्रसूतीच्या कळांसाठी कण्यातील भूल प्रथम वापरली. १९०५ च्या सुमारास कोकेनऐवजी नोव्होकेन हे कमी घातक औषध आले. १९०७ मध्ये लंडनचे आर्थर बार्कर यांनी औषधात ग्लुकोज मिसळून ते कण्यातील द्रवाहून जड केले. जड औषध उताराच्या दिशेने जाते, त्यामुळे रुग्णाची मान-खांदे किंचित उंच वा सखल करून भूल कोठपर्यंत चढू द्यायची हे ठरविता येऊ लागले. १९४० च्या दशकात लिग्नोकेन आले आणि १९५७ मध्ये स्वीडनमध्ये ब्युपिव्हकेन तयार झाले. आज सिझेरियनच्या वेळी जी ‘हेवी’ नावाची कुपी फोडली जाते, तिच्यात हेच ब्युपिव्हकेन आणि ग्लुकोज असते. लागते ते साधारण दोन मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा चमचाही नाही.

आता सुईकडे येऊ. कापडाच्या व्यवहारातील मंडळींना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर समजेल. सुताचा काउंट जसा वाढत जातो तसे सूत बारीक होत जाते; सुईच्या गेजचेही तसेच आहे. जुनी २० वा २२ गेजची सुई जाड, आजची २५ वा २७ गेजची केसासारखी बारीक. परंतु केवळ जाडी पुरेशी नव्हती. मेरुद्रवाभोवतीचे आवरण हे तंतूंनी विणलेले एक वस्त्रच आहे. जुन्या सुईचे टोक तिरके आणि धारदार असे; ते तंतू कापत जाई. होजियरीचे कापड अशा सुईने शिवले तर त्याला भोके पडतात, म्हणून गोल टोकाची सुई लावावी लागते. ती धागा कापत नाही, बाजूस सारते. हीच युक्ती १९५१ मध्ये अमेरिकेत हार्ट आणि व्हिटाकर यांनी पेन्सिलीच्या टोकासारखी सुई काढून वैद्यकात आणली. सुई काढून घेतल्यावर तंतू पुन्हा जवळ येतात, द्रव कमी झिरपतो आणि डोकेदुखी क्वचितच होते. शिलाईत जे तत्त्व कारागिराला ठाऊक असते ते वैद्यकात यायला बिअर यांच्यानंतर अर्धशतक लागले.

सर्वांत मोठी भीती अर्थातच ही असते की, कण्यात सुई गेली तर लुळेपणा येईल. मज्जारज्जू हा कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. प्रौढ माणसात तो कमरेच्या पहिल्या वा दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली केवळ सुट्या नसांचा जुडगा द्रवात तरंगत असतो. सुई टोचतात ती त्याहून खाली, तिसऱ्या-चौथ्या वा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये. दोन्ही बाजूंच्या कटीच्या हाडांचे वरचे टोक जोडणारी रेषा चौथ्या मणक्यावरून जाते. तिच्यावरून भूलतज्ज्ञ जागा ठरवितो.

लुळेपणाची भीती निराधार मात्र नव्हती. १३ ऑक्टोबर १९४७ रोजी इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे एकाच दिवशी वूली आणि रो नावाच्या दोन रुग्णांना अगदी किरकोळ शस्त्रक्रियांसाठी कमरेतील भूल दिली गेली आणि दोघेही कमरेखाली कायमचे लुळे झाले. खटला झाला. औषधाच्या काचेच्या कुप्या फिनॉलच्या द्रावणात बुडवून ठेवल्या जात. त्यांना न दिसणारे तडे जाऊन फिनॉल आत गेले असावे, असे न्यायालयापुढे मांडले गेले. १९५४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने डॉक्टरांना दोषमुक्त केले, कारण १९४७ मध्ये हा धोका कोणालाच ठाऊक नव्हता. पुढे काही अभ्यासकांनी निराळे अनुमान काढले : उपकरणे उकळण्याच्या भांड्यातील क्षार काढण्यासाठी वापरलेले आम्ल आत राहिले असावे. कारण कोणतेही असो, दोष भुलीच्या औषधाचा नव्हता, स्वच्छतेच्या रीतीचा होता. तरीही या एका घटनेमुळे ब्रिटनमधील डॉक्टरांनी कित्येक वर्षे ही भूल जवळजवळ टाकून दिली. आज एकदाच वापरून टाकून देण्याच्या निर्जंतुक सुया मिळतात. मज्जारज्जूला वा नसांना कायमची इजा होणे ही गोष्ट शून्य झाली आहे असे कोणताही सच्चा डॉक्टर म्हणणार नाही. ती अत्यंत विरळ आहे, एवढेच तो सांगेल.

मग सिझेरियनसाठी हीच भूल का ? पूर्ण भूल दिली तर रुग्ण झोपते, तिला काही कळत नाही, हे वरवर पाहता सोयीचे वाटते. परंतु गर्भवतीच्या बाबतीत एक विशेष धोका असतो. गरोदरपणात जठरावर दाब येतो, वरची झडप सैल होते आणि आतले अन्न-आम्ल घशाशी येऊ शकते. बेशुद्धीत ते श्वासनलिकेत उतरते. न्यूयॉर्कचे डॉ. कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी तपासल्या. त्यांत ६६ स्त्रियांच्या फुप्फुसांत असे अन्न वा आम्ल गेल्याचे आढळले. शिवाय गर्भवतीच्या घशाला सूज असल्याने श्वासनलिकेत नळी घालणेही अधिक कठीण असते. कमरेतील भुलीत स्त्री जागी राहते, स्वतः श्वास घेते, स्वतः खोकू शकते. दुसरे असे की, पूर्ण भुलीचे औषध रक्तातून वारेमार्गे बाळापर्यंत पोहोचते आणि बाळ सुस्त जन्मू शकते. कमरेतील औषधाची मात्रा इतकी अल्प असते की बाळाला तिचा स्पर्श जवळजवळ होतच नाही. नवजात बालकाची नाडी, श्वास, रंग, हालचाल आणि प्रतिसाद पाहून गुण देण्याची जी पद्धत आज जगभर वापरली जाते, ती १९५२ मध्ये मांडणाऱ्या डॉ. व्हर्जिनिया ॲपगार या भूलतज्ज्ञच होत्या, आणि आईला दिलेल्या भुलीचा बाळावर काय परिणाम होतो हाच त्यांच्या आस्थेचा विषय होता.

प्रत्यक्षात काय होते ते भगिनींना नीट माहीत असावे. बसवून किंवा कुशीवर निजवून पाठीची कमान करायला सांगतात. सुईपूर्वी त्वचा बधिर करण्याचे छोटे इंजेक्शन चुरचुरते. औषध आत गेल्यावर पायांत ऊब वाटते, मग ते जड होतात, मग हलत नाहीत. छेद बेंबीखाली असला तरी आतील आवरणाच्या नसा वरून येतात, म्हणून भूल छातीपर्यंत चढवावी लागते. भूलतज्ज्ञ बर्फाचा खडा वा स्पिरिटचा बोळा लावून गार लागते का ते विचारतो, ते याचसाठी. रक्तदाब उतरतो, त्यामुळे मळमळ, क्वचित उलटी, घाबरल्यासारखे होते. त्यासाठी सलाईन चालू असते, दाब वाढविण्याचे औषध हाताशी असते आणि गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर पडू नये म्हणून डावीकडे थोडे कलते निजवितात. थंडी वाजून अंग थरथरते, तेही नेहमीचेच. स्पर्श, ओढ, पोटात कोणी हात घातल्याची जाणीव राहते. तीक्ष्ण वेदना राहू नये.

नंतरच्या तक्रारींत पहिला क्रमांक कंबरदुखीचा. ‘त्या सुईपासून माझी कंबर गेली’ हे प्रत्येक समारंभात ऐकू येणारे वाक्य आहे. सुईच्या जागी काही दिवस दुखते, हे खरे. परंतु वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचे कारण ती सुई नव्हे, हे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. नैसर्गिक प्रसूती झालेल्या, सुई न टोचलेल्या स्त्रियांचीही कंबर तितकीच दुखते. नऊ महिन्यांचा भार, सैल झालेले सांधे, वाकून पाजणे, तान्ह्याला उचलणे यांचा हिशेब कोणी मांडत नाही. सगळी रक्कम सुईच्या खात्यावर टाकली जाते. खरी तक्रार आहे ती डोकेदुखीची. उठल्यावर वाढणारी आणि निजल्यावर थांबणारी, बिअर यांना झाली तीच. ती अंगावर काढू नये. पाणी, साधी वेदनाशामके यांनी बहुधा भागते. न भागल्यास रुग्णाच्याच हातातील थोडे रक्त काढून कमरेत आवरणाबाहेर सोडतात. ते गोठून छिद्र बुजवते. हा उपाय १९६० पासून वापरात आहे.

हर्निया, मूळव्याध, प्रोस्टेट, मांडीचे मोडलेले हाड, गुडघ्याचा सांधा बदलणे, या शस्त्रक्रियांनाही हीच भूल दिली जाते. दमा वा फुप्फुसांचा विकार असलेल्या वृद्धांना तिचा विशेष लाभ होतो. परंतु सर्वांना ही चालतेच असे नाही. रक्त न गोठण्याचा विकार, प्लेटलेट फार कमी होणे, मोठा रक्तस्राव, कमरेच्या त्वचेवर पू, किंवा बाळाचा जीव मिनिटांवर आलेला असणे, अशा वेळी पूर्ण भूलच द्यावी लागते. त्या घटकेला दाराबाहेर उभे राहून ‘कमरेतलीच द्या’ असा हट्ट धरणे हे अज्ञान आहे.

आपल्या समाजापुरते काही विशेष. पहिला प्रश्न उपवासाचा. शस्त्रक्रियेपूर्वी अन्न सहा ते आठ तास बंद असते. स्वच्छ पाणी बहुधा दोन तास आधीपर्यंत चालते. दूध हे पाणी नव्हे, हे आजीबाईंनी लक्षात ठेवावे. परंतु चौविहार असलेल्या व्यक्तीने सायंकाळपासून पाणी घेतलेले नसते आणि शस्त्रक्रिया दुसऱ्या दिवशी दुपारी असते. वर्षीतप किंवा अठ्ठाईनंतर लगेच शस्त्रक्रियेची वेळ आली तर देह कोरडा पडलेला असतो. अशा व्यक्तीचा रक्तदाब कमरेतील भुलीने अधिक उतरू शकतो. तप लपवून ठेवण्याची गोष्ट नव्हे, निदान भूलतज्ज्ञापासून तरी नव्हे. त्याने आधी सलाईन लावले तर दाब सांभाळता येतो.

दुसरा प्रश्न औषधांतील प्राणिज अंशाचा. ब्युपिव्हकेन हे प्रयोगशाळेत बनविलेले रसायन आहे, त्यात प्राणिज काही नाही. तथापि शस्त्रक्रियेत इतरत्र असे पदार्थ येतात. टाक्यांचा जुना कॅटगट धागा मेंढी वा गाईच्या आतड्यापासून होत असे. आता त्याऐवजी कृत्रिम धागे सर्वत्र मिळतात आणि आधी सांगितल्यास डॉक्टर तेच वापरतात. रक्त गोठू न देणारे हेपॅरिन मात्र डुकराच्या आतड्यापासून काढतात, काही सलाईनसदृश द्रवांत जिलेटिन असते. याची चौकशी करायची तर शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी शांतपणे करावी. रक्तस्राव सुरू झाल्यावर ती वेळ निघून गेलेली असते आणि तेव्हा आईचा जीव वाचविणे हीच अहिंसा.

तिसरी गोष्ट किंचित कडू आहे. समाजाचे निधी शस्त्रक्रियांना मदत करतात, ही पुण्याची गोष्ट आहे. अर्जात रुग्णालयाचे बिल असते, सर्जनचे नाव असते. भूलतज्ज्ञाचे नाव विचारण्याची रीत फारशी नाही. पुष्कळ कुटुंबांना ते शस्त्रक्रियेनंतरही ठाऊक नसते. ज्या व्यक्तीच्या हाती तासभर आपल्या माणसाचा श्वास आणि नाडी असते, तिला आधी एकदा भेटण्याचाही आपण आग्रह धरीत नाही. व्यवहारात आपण इतके बेसावध कधीच नसतो.

ही भेट आदल्या दिवशी व्हावी, आणि प्रश्नांची उत्तरे रुग्ण स्त्रीनेच द्यावीत. सासूने, आईने किंवा पतीने नव्हे. पूर्वी कोणती भूल घेतली व काय त्रास झाला, ॲस्पिरिनची वा रक्त पातळ करणारी अन्य गोळी चालू आहे का, दमा, थायरॉइड, मणक्याचे जुने दुखणे, औषधाची ॲलर्जी, शेवटचा घास व शेवटचे पाणी केव्हा, हे सर्व जसेच्या तसे सांगावे. घरच्यांच्या धाकाने पहाटे चहा-बिस्किट घेतल्याचे लपविणाऱ्या सुना असतात. त्यांना रागावणार नाही असे घरच्यांनी आधीच सांगून ठेवले तर बरे. आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर, पडद्यापलीकडे छेद घेतला जात असताना ओढ नव्हे, खरोखर दुखू लागले तर दात-ओठ खाऊन गप्प बसू नये. तत्क्षणी मोठ्याने सांगावे. भूलतज्ज्ञ उशाशी त्यासाठीच बसलेला असतो, त्याच्याकडे आणखी औषध असते आणि लागलीच तर पूर्ण भूलही.

जय जिनेंद्र !